तंबोरा आणि अजाब

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दुसऱ्याच दिवशी जुमा होता. आमच्याकडच्या मशिदीत एका मौलवींनी सांगितलं, हा अजाब आहे. मी शाळकरी पोर. घरी येऊन अब्बांना विचारलं, झोपेत दबलेल्या लेकरांचा काय गुन्हा? अब्बा गप्प राहिले. पुढे तंबोराचा इतिहास वाचताना तो प्रश्न परत भेटला.

आजच्या इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर 1815 साली लहान लहान मुस्लिम राज्यं होती: बिमा, दोंपू, सांगर, पेकात, तंबोरा. 5 एप्रिलला तंबोरा पर्वत पहिल्यांदा गरजला. दूर जावात लोकांना तोफा वाटल्या, फौजा बाहेर पडल्या. 10 तारखेच्या संध्याकाळी डोंगरच फुटला. हजार मीटरहून अधिक उंचीचा माथा गेला. तंबोरा आणि पेकात ही राज्यं राखेखाली गेली. तंबोराची भाषाही संपली. आधी कुणी टिपून ठेवलेले थोडे शब्द तेवढे उरले.

बिमाच्या दरबारी दप्तरात राखेच्या पावसाची नोंद आहे, हिजरी 1230, जमादिल अव्वल. तिथली लोककथा कारणही सांगते: तंबोराच्या राजाने एका हाजीला मारलं, म्हणून.

पण डोंगराने नुसती राख फेकली नव्हती. गंधकाचा वायू वातावरणात फार वर गेला, तिथे त्याचे बारीक कण झाले आणि ते वर्ष-दोन वर्षं सूर्याचं ऊन अडवत राहिले. 1816 मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं शेतात कुजली, धान्य महागलं. अमेरिकेच्या ईशान्येला जूनमध्ये बर्फ पडला. त्या शेतकऱ्यांनी कुठल्या हाजीला मारलं होतं?

सुंबावात तर बहुतेक माणसं आगीने मेलीच नाहीत. राखेने भातशेती बुडाली, पाणी नासलं. भूक आणि रोगराईने हजारो गेले. जावाचा इंग्रज कारभारी रॅफल्सने लेफ्टनंट फिलिप्सबरोबर तांदूळ पाठवला. त्याला भेटायला सांगरचा राजा आला. राजाची एक मुलगी उपासमारीने गेली होती. राजाची मुलगी!

त्या राजाची जबानी आजही शास्त्रज्ञ वाचतात. आगीचे तीन लोळ वेगवेगळे उठले, वर जाऊन एकमेकांत मिसळले, मग दगड पडले, मग वावटळीने सांगरची घरं उडवली. पाहिलं ते त्याने क्रमाने सांगितलं. हाजीचा त्यात उल्लेख नाही.