पिनफोल्डच्या झोपेचे औषध

एव्हलिन वॉ या इंग्रजी कादंबरीकाराची 'द ऑर्डील ऑफ गिल्बर्ट पिनफोल्ड' (१९५७) मनोविश्लेषणाच्या अंगाने वाचण्याचा मोह सहज होतो. पन्नाशीचा लेखक, बोटीचा प्रवास आणि त्याची निंदा करणारे अदृश्य आवाज. समीक्षकाला आणखी काय हवे? परंतु या आवाजांचा उगम आधी औषधाच्या बाटलीत शोधायला हवा.

१९५४ च्या आरंभी वॉ सिलोनला निघाला. निद्रानाश जुनाच होता. त्यासाठी तो क्लोरल आणि ब्रोमाइड यांचे मिश्रण घेई, तेही मद्याच्या जोडीने आणि मात्रा आपल्या मर्जीने वाढवून. बोटीवर त्याला आवाज ऐकू येऊ लागले. लंडनला परतल्यावर एरिक स्ट्रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी ब्रोमाइडच्या विषबाधेचे निदान केले. औषध बदलले आणि आवाज थांबले.

ही द्रव्ये काही नवी नव्हती. लीबिगने १८३२ मध्ये तयार केलेले क्लोरल बर्लिनच्या लीब्राइखने १८६९ मध्ये झोपेसाठी वापरात आणले. पुढे कवी-चित्रकार रोझेटी त्याच्या पुरता आहारी गेला. ब्रोमाइडचा धोका अधिक छुपा. मूत्रपिंडे ते फार सावकाश बाहेर टाकतात. शरीरातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे १२ दिवस लागतात. रोज रात्री घेणाऱ्याच्या रक्तात ते साचत जाते. काल बाधले नाही म्हणून आजही बाधणार नाही, हा हिशेब येथेच फसतो.

त्यानंतर बार्बिट्युरेटे आली, मग बेंझोडायझेपिने, मग झोल्पिडेम. पुढचे औषध मागच्याहून सुरक्षित, असे सांगितले गेले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. पण रात्रीच्या औषधाचे सकाळपर्यंत किती उरते, हा प्रश्न काही संपला नाही. अमेरिकेत झोल्पिडेमला १९९२ मध्ये परवानगी मिळाली. सकाळी रक्तात उरणाऱ्या अंशामुळे वाहन चालवणे धोक्याचे ठरू शकते म्हणून स्त्रियांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली गेली, ती २०१३ मध्ये! झोपेत चालण्याच्या, गाडी हाकण्याच्या प्रकारांबद्दल वेष्टनावर चौकटीतला इशारा आला २०१९ मध्ये. म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली, नेमक्या मात्रेतली गोळीही यातून सुटत नाही.

कादंबरीत डॉक्टर ही साधी विषबाधा ठरवतात. पिनफोल्डला ते पुरेसे वाटत नाही. आपण एकट्याने झुंजून जिंकलो, अशी त्याची खात्री आहे, आणि त्याच खात्रीने तो हा अनुभव लिहायला बसतो.