नजरेआडच्या कामाचे मोल : दूरस्थ आणि संमिश्र चमूंचे व्यवस्थापन

कार्यालयात न येता घरून वा अन्य ठिकाणाहून काम करणे म्हणजे दूरस्थ कार्यपद्धती. आठवड्यातील काही दिवस कार्यालयात आणि उरलेले दिवस घरून, ही झाली संमिश्र किंवा ‘हायब्रिड’ पद्धती. कोरोनाकाळात हे शब्द सर्वतोमुखी झाले असले, तरी कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॅक निल्स यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द वापरात आणला, तो कार्यालयात ये-जा करणाऱ्यांमुळे होणारी वाहनांची गर्दी कमी करण्याच्या विचारातून.

भारतातील वाटचाल

मार्च २०२० च्या टाळेबंदीने माहिती तंत्रज्ञान क्षेत्र एकाएकी घरी आले. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने बीपीओ क्षेत्राचे नियम शिथिल केले. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांना निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत घरून काम देण्याची, कमाल एक वर्षाची मुभा मिळाली. २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असतील, असे धोरण २०२० मध्ये मांडणाऱ्या टीसीएसने २०२३ मध्ये मात्र सर्वांना पुन्हा कार्यालयात बोलावले.

प्रयोग काय सांगतात?

घरी बसलेला माणूस काम टाळतो, ही शंका सर्वात जुनी. चीनमधील ‘सीट्रिप’ या पर्यटन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीस ती तपासली. नऊ महिने आठवड्यातील चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. तथापि, कामगिरीच्या तुलनेत त्यांना मिळणाऱ्या बढत्या घटल्या. काम वाढले, पण ते वरिष्ठांच्या नजरेआड राहिले. पुढे निवडीचे स्वातंत्र्य मिळताच प्रयोगातील निम्म्याहून अधिक जणांनी आपले कामाचे ठिकाण बदलले.

याच समूहाच्या ‘ट्रिप डॉट कॉम’मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. कामगिरीच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत मात्र फरक आढळला नाही. म्हणजे अंतर जितके अधिक, तितकी मूल्यमापनाची जबाबदारी मोठी.

व्यवस्थापकाची कर्तव्ये

पहिले कर्तव्य मोजमापाचे. संगणकावर कोण किती वेळ दिसतो, यावरून निष्ठा जोखू नये. कोणते काम, कोणत्या दर्जाचे आणि केव्हापर्यंत, हे आरंभीच ठरवून त्यावरच मूल्यमापन करावे.

दुसरे, निर्णय लिहून ठेवणे. चहाच्या टेबलावर ठरलेली गोष्ट घरी असलेल्या सहकाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. निर्णय, त्यामागील कारण आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद सर्वांना दिसेल अशा एका ठिकाणी असावी.

तिसरे, कार्यालयाचे दिवस समान ठेवणे. प्रत्येकाने वेगळ्या दिवशी यायचे आणि कार्यालयात बसूनही व्हिडिओवरच बोलायचे, यात प्रवासाचे श्रम तेवढे वाया जातात. एकत्र येण्याचे दिवस चर्चा, नियोजन आणि नवोदितांच्या प्रशिक्षणासाठी राखावेत. शेजारी बसून शिकण्याची संधी नसल्याने नवोदितांसाठी एक अनुभवी सहकारी नेमून द्यावा.

चौथे, वेळेची मर्यादा पाळणे. घर हेच कार्यालय झाले की रात्री दहाचा संदेशही हुकूम वाटू लागतो. उत्तर कोणत्या वेळेत अपेक्षित आहे आणि तातडीचे काम कशाला म्हणावे, हे आधीच स्पष्ट असावे. स्वयंपाकघर आणि मुलांचा अभ्यास सांभाळत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत ही स्पष्टता विशेष आवश्यक ठरते.

अखेरची कसोटी वार्षिक मूल्यमापनाची. बढत्यांची यादी अंतिम करण्यापूर्वी घरून अधिक काम करणारे आणि नित्य कार्यालयात येणारे यांची नावे वेगवेगळी मांडून पाहावीत. समान कामगिरी असूनही एकाच गटाची नावे वगळली जात असतील, तर दोष कर्मचाऱ्यांच्या अंतरात नसून मूल्यमापनात आहे. तो दूर केल्यावरच यादीवर स्वाक्षरी व्हावी.