साठ्याची सामाईक जमा

† पूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक फाइल सिस्टीमला डिस्कचा एकेक विभाग, वतनी जमिनीप्रमाणे हद्द आखून, तोडून दिलेला असे. त्यामुळे एक विभाग ओस असताना शेजारी 'डिस्क भरली' म्हणून काम अडणे नित्याचेच होते. सन मायक्रोसिस्टम्समध्ये जेफ बॉनविक व मॅथ्यू अॅरेन्स यांनी २००१ मध्ये आरंभिलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टीमने ही हद्दच मोडून सर्व डिस्कांची एक सामाईक जमा केली, जीतून प्रत्येक फाइल सिस्टीम गरजेपुरते ब्लॉक उचलते. तथापि झेडएफएसचा खरा विशेष, आमच्या मते, निराळाच आहे: प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकूर पडताळण्याचा आकडा) त्याच्यापाशी न ठेवता त्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकात नोंदला जात असल्याने, डिस्कने भलताच मजकूर बिनदिक्कत हवाली केला, तरी ती लबाडी वाचतेवेळीच उघडकीस येते. — संपा.