वेचलेले खडे

कोणतीही कला केवळ कलावंताच्या बळावर टिकत नाही. तिला वेचून जपणारा रसिकही लागतो. या सत्याची साक्ष देणारी एक हकीगत अमेरिकेतील मोटारींच्या गॅरेजांत सुरू झाली.

१९६४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचे ‘बीटल्स’ अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गायले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. त्यानंतर गावोगावच्या शाळकरी मुलांनी गिटारी आणि ड्रम मिळवून आपापले वाद्यवृंद उभे केले. घरात गोंगाट खपत नसे. मग तालमीसाठी गॅरेज उरे. ‘गॅरेज रॉक’ हे पुढे पडलेले नाव त्यावरूनच आले. तीन-चार स्वरमेळ, खरखरणारी गिटार आणि अडीच-तीन मिनिटांचे गाणे एवढेच त्यांचे भांडवल. तयारी बेताची असली, तरी आवेश अस्सल होता.

यांपैकी अनेकांनी मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या ध्वनिमुद्रिका काढल्या. गावातले नभोवाणी केंद्र त्या हौसेने वाजवी. शेजारच्या राज्यात मात्र बहुधा त्यांचे नावही कोणाला ठाऊक नसे. सॅन होझेच्या ‘काउंट फाइव्ह’ या वृंदाचे एक गाणे १९६६ साली राष्ट्रीय लोकप्रियतेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले. परंतु असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला आले. कोणी महाविद्यालयात गेले, कोणाला व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात बोलावणे आले. दशक सरता सरता बहुतेक वृंद मोडले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका जुन्या मालाच्या ढिगाऱ्यात जाऊन पडल्या.

त्या ढिगाऱ्याकडे लेनी के यांचे लक्ष गेले. संगीतावर लेखन करणारे हे तरुण गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात काम करीत असत. इलेक्ट्रा कंपनीचे संस्थापक जॅक होल्झमन यांनी गाणी निवडण्याचे काम त्यांच्यावर सोपविले आणि १९७२ साली २७ गाण्यांचा ‘नगेट्स’ हा संच बाहेर पडला. नगेट्स म्हणजे मातीत सापडणारे सोन्याचे खडे. के यांनी गाणी नुसती जमविली नाहीत. सोबतच्या टिपणांत त्यांचा परिचयही करून दिला. त्या टिपणांत त्यांनी योजलेल्या ‘पंक रॉक’ या शब्दाने पुढे एक अवघी चळवळ ओळखली जाऊ लागली. १९९८ साली याच संचाची वाढविलेली आवृत्ती निघाली, तेव्हा गाण्यांची संख्या ११८ झाली होती.

भारतातही असेच घडले. १९७० आणि १९७१ साली एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ ही स्पर्धा भरली आणि तिची अंतिम फेरी मुंबईत रंगली. शिलाँगच्या ‘फेनटोन्स’सारखे वृंद तीत चमकले. स्पर्धकांच्या गाण्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या व विस्मृतीत गेल्या. अनेक वर्षांनी परदेशातील संग्राहकांनी त्या शोधून काढल्या, तेव्हा त्या पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

२००२ साली स्टीव्हन व्हॅन झांट या गिटारवादकाने अमेरिकेत एक नभोवाणी कार्यक्रम सुरू केला. त्यात गॅरेजमधल्या जुन्या वृंदांशेजारी अगदी नवे, अनोळखी वृंदही वाजू लागले. आज हवे ते गाणे क्षणात ऐकता येते. मात्र त्या अफाट राशीत कोठे थांबावे, हे दाखविणारा जाणता कान अजूनही लागतोच. ढिगाऱ्यापुढे बसून एकेक ध्वनिमुद्रिका लावून पाहणाऱ्या माणसाचे काम संपलेले नाही.