ऋतुनिवृत्ती आणि स्त्रीचे हृदय

'पाळी गेली' एवढ्या दोन शब्दांत बडोद्याच्या नागरवाड्यातील मराठी घरांत, किंवा पुण्या-मुंबईच्या चाळींत, जो विषय संपविला जातो, त्याचा वैद्यकशास्त्रातील इतिहास मोठा उद्बोधक आहे. भारतीय स्त्रीची ऋतुनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी होते. पुढे पाव शतकाहून अधिक आयुष्य उरलेले असते, आणि त्या काळात हृदयविकार हा तिचा फार मोठा शत्रू ठरतो.

ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीबीजकोशांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक जवळजवळ मिळेनासे होते. १९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, या वर्गातील संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. १९४२ साली गाभण घोडीच्या मूत्रापासून बनविलेल्या 'प्रेमारिन' गोळ्या अमेरिकेत विक्रीस आल्या. अंगाची लाही व रात्रीचा घाम यांवर त्या गुणकारी ठरल्या. पुढे १९६६ साली डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी एका गाजलेल्या पुस्तकात ऋतुनिवृत्तीला रोगच ठरविले.

आता आशा अधिक वाढली. तरुणपणी स्त्रियांना पुरुषांपेक्षा हृदयविकार कमी होतो, इस्ट्रोजेनने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल घटते. तेव्हा हेच औषध हृदयाचेही रक्षण करील, असा तर्क निघाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देण्याचा अमेरिकेतील प्रयोग अपाय दिसल्यामुळे १९७० साली अंशतः थांबवावा लागला होता. तथापि तो इशारा मागे पडला. अमेरिकन परिचारिकांच्या, १९७६ पासून चाललेल्या पाहणीत हे औषध घेणाऱ्यांत हृदयविकार सुमारे निम्मा आढळला, आणि तर्काला पुराव्याचे रूप आले.

परंतु औषध घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुस्थितीतील, प्रकृतीची काळजी घेणाऱ्या असत. गुण औषधाचा की राहणीचा, हे कसे ठरावे? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून, एकास औषध व दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या देणे आवश्यक होते. १९९८ साली २,७६३ हृद्रोगी स्त्रियांवरील अशा प्रयोगात लाभ दिसला नाही. पहिल्या वर्षी तर झटके वाढलेच. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देणारा मोठा प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. दर दहा हजारांमागे वर्षाला हृदयविकाराच्या घटना ३० ऐवजी ३७ झाल्या. पक्षाघात व स्तनाचा कर्करोगही वाढला. अस्थिभंग मात्र घटले.

पुढे असे ध्यानात आले की, त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ऋतुनिवृत्तीनंतर ६ वर्षांच्या आत औषध सुरू करणाऱ्यांत रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. १० वर्षांनंतर सुरू करणाऱ्यांत तसे घडले नाही. म्हणून ही गोळी सर्वस्वी विषही नव्हे, अमृतही नव्हे. तीव्र त्रासावर ती डॉक्टरी सल्ल्याने घ्यावी. केवळ हृदयरक्षणासाठी घेऊ नये.

हृदयासाठी रक्तदाब व साखर तपासणे, नित्य चालणे आणि तंबाखूची मिश्री सोडणे, हेच उपाय खरे. चालताना दम लागला, जबडा वा पाठ दुखू लागली, तर 'वय झाले' म्हणून ते अंगावर काढू नये. घरातल्या माणसांनीही तिला काढू देऊ नये.