बाल्टिमोरची १२,००० माणसं

एक साधा प्रश्न विचारतो. जी मालिका तुमच्या देशात टीव्हीवर अजून लागलेलीच नाही, तिचं शीर्षकगीत गाणाऱ्या परदेशी बँडला ऐकायला १२,००० माणसं कुठून येतात?

३१ जुलै २००४ ला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात हे झालं. फर्स्ट मरिनर अरेना नावाच्या स्टेडियममध्ये 'लार्क आँ सिएल' हा बँड वाजला. नाव फ्रेंच, बँड ओसाकाचा, गाणी जपानी. उत्तर अमेरिकेतला त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम. आणि निमित्त काय, तर 'ओटाकॉन' हे अ‍ॅनिमेच्या चाहत्यांचं संमेलन. त्यांचं 'रेडी स्टेडी गो' हे त्या वर्षीच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट' मालिकेचं शीर्षकगीत होतं. मालिका जपानमध्ये ऑक्टोबर २००३ ला सुरू झाली होती. अमेरिकेच्या टीव्हीवर ती आली नोव्हेंबर २००४ मध्ये, म्हणजे कॉन्सर्ट होऊन तीन महिने उलटल्यावर!

या बँडची आधीची काही गाणी इतर मालिकांतून तिकडे पोचली होती, हे खरं. पण हे नवं गाणं? त्याचं उत्तर हवं असेल तर जरा मागे जावं लागतं. कॅसेटच्या काळात.

आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं अ‍ॅनिमे म्हणजे दूरदर्शनवरचा मोगली. १९९३ साली रविवारी सकाळी लागायचा तो. मूळ मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, पण तेव्हा कुणाला पत्ता होता? गाणं हिंदी, गोष्ट किपलिंगची, जंगल आपलं. संपला विषय. अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. १९६३ मध्ये 'अ‍ॅस्ट्रो बॉय' तिकडच्या टीव्हीवर आला तेव्हा तो पोरांसाठी आणखी एक कार्टून होता, बस.

ते जपानी आहे म्हणून मुद्दाम शोधून बघणारे लोक तयार झाले १९७६ नंतर. लॉस एंजेलिसला जपानी वस्तीसाठी एका छोट्या चॅनेलवर महाकाय रोबोंच्या मालिका लागायच्या, खाली इंग्रजी सबटायटल्ससकट. त्या बघून वेडे झालेल्या लोकांनी १९७७ च्या मे महिन्यात एक क्लब काढला. नाव 'कार्टून फँटसी ऑर्गनायझेशन'. काम एकच. दर महिन्याला जमायचं आणि कुणाकडे नवीन कॅसेट आली असेल ती सगळ्यांनी मिळून बघायची.

आता इथे एक तांत्रिक गंमत आहे. (इंजिनिअर आहे, राहवत नाही.) अमेरिका आणि जपान, दोन्हीकडे टीव्हीचं स्टँडर्ड एनटीएससी. त्यामुळे टोकियोत रेकॉर्ड केलेली कॅसेट लॉस एंजेलिसच्या व्हीसीआरमध्ये सरकवली की चालू. जपानमधल्या चाहत्यांना पाठवायचं 'स्टार ट्रेक', बदल्यात मागवायचे रोबो. आपल्याकडे पाल. अमेरिकेतल्या काकांनी हौसेने पाठवलेली कॅसेट साध्या व्हीसीआरवर नुसती फरफरायची, हे अनेक घरांनी अनुभवलंय. एवढ्या एका स्टँडर्डमुळे एका देशात चळवळ उभी राहिली, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

कॅसेट चालली तरी भाषा कळायची नाही. मग कुणीतरी दोन पानांचा सारांश टाइप करून वाटायचा, नाहीतर एखादा जाणकार पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगायचा. थेट कीर्तन! १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कमोडोर अमिगा हा कॉम्प्युटर आणि 'जेनलॉक' नावाचं एक यंत्र हौशी माणसांच्या खिशाला परवडू लागलं. त्यातून घरच्या घरी चित्रावर अक्षरं चढवता येऊ लागली आणि 'फॅनसब' जन्माला आला.

कायद्याने बघाल तर ही सरळसरळ चोरी. करणाऱ्यांना ते माहीतही होतं. म्हणून कॅसेटवरच सूचना असायची, की ही विकू नका, भाड्याने देऊ नका आणि एखाद्या कंपनीने हक्क विकत घेतले की वाटप थांबवा. सगळ्यांनी पाळलं का? छे. पण असा नियम कुणाच्या बडग्याशिवाय लिहावासा वाटला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि याच मंडळींतून पुढे धंदा उभा राहिला. १९८८ मध्ये 'अ‍ॅनिमेगो' ही अ‍ॅनिमे रीतसर परवाने घेऊन आणणारी कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी एक होता रॉबर्ट वुडहेड. हा मूळचा प्रोग्रॅमर, 'विझर्ड्री' या गाजलेल्या कॉम्प्युटर गेमच्या दोन जनकांपैकी एक.

तर संमेलनं इथून आली. तोवर चाहत्यांना विज्ञानकथांच्या संमेलनात एखादी कोपऱ्यातली खोली मिळायची. (१९८० मध्ये खुद्द ओसामु तेझुका, म्हणजे 'अ‍ॅस्ट्रो बॉय'चे जनक, सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनला येऊन गेले होते, पण तेही दुसऱ्यांच्या मांडवात.) १९९० ला डॅलसमध्ये 'प्रोजेक्ट ए-कॉन' झालं, माणसं चारशेच्या आत. १९९१ ला सॅन होजेला 'अ‍ॅनिमेकॉन', १९९२ ला तिथेच 'अ‍ॅनिमे एक्स्पो'. आणि १९९४ च्या जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावात, एका डेज इन हॉटेलात, पहिलं ओटाकॉन. हजेरी सुमारे ३५०.

३५० माणसं का आली? कारण कॅसेट तिथे होती. इतकं सोपं. व्हिडिओ रूममध्ये दिवसरात्र काहीतरी चालू असायचं आणि ते दुसरीकडे बघायला मिळणं मुश्कील होतं. पाहुणे, चर्चा, वेशभूषा हे सगळं होतंच, पण पोटापाण्याची गोष्ट म्हणजे कॅसेट.

मग आलं इंटरनेट. आधी मॉडेम, मग ब्रॉडबँड, मग बिटटोरंट. जपानमध्ये रात्री लागलेला भाग दोनचार दिवसांत सबटायटल्ससकट अमेरिकेतल्या मुलाच्या हार्डडिस्कवर. बाल्टिमोरच्या कोड्याचं उत्तर हेच. 'फुलमेटल अल्केमिस्ट' टीव्हीवर येण्याआधीच पोरांनी उतरवून घेतलेलं होतं.

आता तर्काने काय व्हायला हवं होतं? कॅसेटसाठी लोक येत होते, कॅसेट घरबसल्या फुकट मिळायला लागली, म्हणजे संमेलन बंद पडायला हवं. साधं डिमांड-सप्लाय. झालं नेमकं उलटं. ओटाकॉन १९९९ ला बाल्टिमोरच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये गेलं, २००४ ला हजेरी २० हजारांच्या आसपास पोचली, २०१३ ला ३४ हजारांच्या वर. तीही जागा पुरेना म्हणून २०१७ मध्ये वॉशिंग्टन डीसीला हलले. २०२० ला कोविडमुळे संमेलन रद्द झालं. त्यानंतर? २०२२ पर्यंत आकडा ४० हजारांच्या घरात.

दरम्यान 'क्रंचीरोल' ही साइट, जी २००६ मध्ये चाहत्यांनी चढवलेल्या व्हिडिओंवर सुरू झाली होती, ती २००९ पासून जपानी कंपन्यांशी करार करून रीतसर दाखवायला लागली. म्हणजे कॅसेटची चणचण कायमची संपली. तरी रांगा वाढतच गेल्या.

माझं म्हणणं असं आहे, की जी गोष्ट कॉपी करायला शून्य खर्च येतो तिची किंमत कमी होते आणि जिची कॉपी होऊच शकत नाही तिची किंमत वाढते. फाइलची कॉपी होते. गायकाची होत नाही. जिने संगीत दिलं ती बाई समोर बसून पियानो वाजवतेय, याची तर नाहीच नाही. २०१३ च्या विसाव्या ओटाकॉनला 'काउबॉय बीबॉप'च्या संगीतकार योको कान्नो आल्या होत्या, दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबेही आले होते. त्या मालिकेचं संगीत प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर होतंच की! म्हणूनच तर लोक आले.

याचे दोन टोकाचे नमुने सांगतो. पहिला २००७ चा. गॅक्ट, योशिकी, सुगिझो आणि मियावी या चार जपानी रॉकस्टार्सनी मिळून 'स्किन' नावाचा बँड काढला, आणि पहिला कार्यक्रम टोकियोत नाही, तर कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला अ‍ॅनिमे एक्स्पोत केला. पहिला आणि शेवटचाही. दुसरा २०११ चा. अ‍ॅनिमे एक्स्पोच्याच निमित्ताने लॉस एंजेलिसच्या नोकिया थिएटरमध्ये हात्सुने मिकूचा कार्यक्रम झाला. मिकू ही माणूस नाहीच. यामाहाच्या व्होकलॉइड तंत्रावर चालणारं २००७ चं एक सॉफ्टवेअर आहे ते, दोन वेण्यावालं. स्टेजवर पडद्यावरची आकृती, शेजारी वाद्यं वाजवणारी खरी माणसं, समोर गच्च भरलेलं थिएटर. म्हणजे माझ्या वरच्या सिद्धांताला सुरुंगच की! गाणारी तर शंभर टक्के कॉपी होण्यासारखी.

पण नीट बघा. मिकू कॉपी होते, शेजारी उभं राहून तेच गाणं तोंडपाठ म्हणणारा अनोळखी माणूस होत नाही. लोक बहुधा त्याच्यासाठीच येतात.

पॅनेल हा प्रकार त्यातूनच आलाय. बाहेरच्या माणसाला वाटतं पॅनेल म्हणजे मंचावर पाहुणे, खाली श्रोते. ते असतंच. पण बरीचशी पॅनेलं चाहतेच घेतात. कुणी १९७० च्या रोबोंच्या इतिहासावर तासभर बोलतो, कुणी भाषांतरातल्या अडचणींवर. बोलणारा दिवसा अकाउंटंट असू शकतो. आणि मंचावरचे पाहुणे तरी कुठून आले? 'इव्हँजेलियन' करणाऱ्या गायनॅक्स स्टुडिओचं मूळ बघा. १९८१ साली ओसाकाच्या 'दाइकॉन ३' या विज्ञानकथा संमेलनाच्या उद्घाटनासाठी काही कॉलेजच्या पोरांनी हाताने एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म केली. त्यात हिदेआकी आन्नो होता. १९८४ च्या डिसेंबरात त्याच गोतावळ्यातून कंपनी निघाली. (तिचा शेवट २०२४ मध्ये दिवाळखोरीत झाला, ती वेगळीच करुण कथा.)

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी अमेरिकेत कुठल्यातरी कन्व्हेन्शन सेंटरमध्येच भरतं. नोकरी सांभाळून दीडदोन वर्षं राबणारे स्वयंसेवक, भारतातून बोलावलेले कलाकार, जेवणाच्या रांगेवरून होणारी कुरबुर. ओटाकॉनही तसंच चालतं. मागे 'ओटाकॉर्प' ही ना-नफा संस्था, आणि राबणारे सगळे बिनपगारी. चाळीस हजारांचा कारभार! पाहुण्याला विमानतळावरून आणायचं, रांगा लावायच्या, माइक बंद पडला की धावायचं.

खरी काळजी मला इथेच वाटते. कॅसेटच्या काळात स्वयंसेवक व्हायला कारण होतं, कारण मी राबलो नाही तर मलाच बघायला मिळणार नाही. आज सगळं मोबाइलवर महिन्याच्या वर्गणीत मिळतं. बॅज विकत घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, सही घ्यायची, घरी जायचं. गिऱ्हाईक म्हणून जगायला काहीच त्रास नाही. आणि नुसती गिऱ्हाइकं उरली की संमेलनाचं प्रदर्शन होतं. मग ते चालवायला कंपनीच लागते, आणि कंपनीला हिशेब जमला नाही की पुढच्या वर्षी तंबू गुंडाळला जातो.

ओटाकॉन अजून तरी गुंडाळलेलं नाही. ३० वर्षांत बघण्याचं साधन चार वेळा बदललं, जागा बदलली, पाहुणे बदलले. न बदललेली गोष्ट एकच. शुक्रवारी सकाळी दारं उघडण्याआधी कुणीतरी फुकटात येऊन खुर्च्या मांडतं. तुमच्या आवडीचं कुठलंही संमेलन असो, गाण्याचं, ट्रेकिंगचं, अगदी लिनक्सचं, ते किती वर्षं टिकणार हे बघायचं असेल तर मंचाकडे बघू नका. खुर्च्या कोण मांडतंय ते बघा. आणि जमलं तर पुढच्या वेळी चार खुर्च्या तुम्हीही उचला.