साल्मोनेला : जनुकीय भेद व रोगकारक जनुके

माणसाच्या व प्राण्यांच्या आतड्यांत रोग उत्पन्न करणाऱ्या दंडाकृती जंतूंची एक प्रजाती. तिला अमेरिकी पशुवैद्य डॅनियल साल्मन यांचे नाव मिळाले असले, तरी १८८५ मध्ये जंतू वेगळा केला तो त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी. प्रजातीत एंटेरिका व बोंगोरी या दोनच जाती आहेत. मात्र पृष्ठभागावरील प्रतिजनांनुसार त्यांचे २,५०० हून अधिक प्रकार (सीरोव्हार) पडतात. मुदतीचा ताप आणणारा टायफी आणि दूषित अंडी-मांसातून जुलाब लावणारा टायफीम्युरियम हे दोघेही एंटेरिकाच. एकाच जातीत एवढा फरक का, याचे उत्तर त्यांच्या जनुकांत आहे.

बाहेरून आलेले जनुकांचे मोठे गट गुणसूत्रात जागोजागी वसलेले असतात. त्यांना रोगकारकता बेटे म्हणतात. पहिल्या बेटावरील जनुके सुईसारखी यंत्रणा घडवतात. तिच्यातून सोडलेली प्रथिने आतड्याच्या पेशीला जंतू आत ओढून घ्यायला लावतात. दुसऱ्या बेटामुळे जंतू भक्षक पेशीच्या पोटातही तग धरतो. शरीराच्या संरक्षकालाच तो आसरा बनवतो. ही दोन्ही बेटे टायफी व टायफीम्युरियम या दोघांतही आहेत.

टायफीजवळ याखेरीज सातवे बेट असते. त्यावरील जनुकांमुळे जंतूभोवती ‘व्हीआय’ या बहुशर्करेचे आवरण तयार होते व तो प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतो. मात्र त्याने जे गमावले, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. २००१ मध्ये टायफीच्या सीटी१८ या वाणाचा सुमारे ४८ लाख आधारक-जोड्यांचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात दोनशेहून अधिक जनुके निकामी आढळली. टायफी केवळ माणसातच का रोग निर्माण करतो, याचे एक कारण या ऱ्हासात असल्याचे मानले जाते.

हे बदल थांबलेले नाहीत. एच५८ हा औषधांना दाद न देणारा टायफीचा वंश दक्षिण आशियातून आफ्रिकेपर्यंत पसरला. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात त्याच वंशाच्या जंतूंनी दुसऱ्या जंतूंकडून प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरील डीएनएचे वलय) मिळवून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकालाही निष्प्रभ केले. त्यामुळे प्रतिबंधक लशीचे मोल फार वाढले आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने व्हीआय आवरणावर आधारित संयुग्मित लस सार्वजनिक मोहिमेतून मुलांना दिली. पॅराटायफी ए या प्रकारात हे आवरणच नसते, म्हणून त्याच्यापासून होणारा ताप या लशीने टळत नाही.